बरणीतला समुद्र

नकाशावर फूटपट्टी ठेवून पाहिली, तर हिंगणीपासून अरबी समुद्र हवाई मार्गानं सहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. बंगालचा उपसागरही जवळपास तेवढाच. समुद्रापासून लांब राहायचं असं कोणी मनावर घेतलंच, तर त्यानं वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात, हिंगणीत घर बांधावं. दोन्ही समुद्रांना सारखाच न्याय. गावाच्या शिवारात कापूस आहे, सोयाबीन आहे, तूर आहे. पलीकडे बोर धरण आहे, आणि २०१४ पासून बोरचा व्याघ्र प्रकल्प आहे, देशातल्या सगळ्यात लहान प्रकल्पांपैकी एक. वाघाबद्दल विचारलं तर पानठेल्यावरचं पोरगंही पंधरा मिनिटं बोलेल. खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या आणि खिशाला परवडणाऱ्या गळाच्या रिळाबद्दल मात्र सबंध गावात एकच माणूस बोलतो, आणि तो पंधरा मिनिटांत थांबत नाही. ते आमचे भाऊजी.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचे निदेशक म्हणून त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ घेऊन घरी आले आणि आधी शालीची जाडी मायक्रोमीटरनं मोजली, असं ताई सांगते. लोकांच्या खिशाला पेन असतं, यांच्या खिशाला व्हर्नियर. भांड्यांच्या दुकानात गेले की डब्याच्या काठाला व्हर्नियर लावतात आणि आवाज न चढवता म्हणतात, "बावीस गेज म्हनून रायले तुमी. हा चोवीस हाये." दुकानदाराला ते माहीत असतंच. गिऱ्हाइकाला माहीत असण्याची त्याला सवय नसते, एवढंच.

माणसं वस्तू घ्यायची म्हणून चौकशी करतात. भाऊजी चौकशी करायला मिळावी म्हणून वस्तू घ्यायची ठरवतात. एका वर्षी घरात कूलर घ्यायचा ठरला. होळीला पाहणी सुरू झाली. पंप किती वॅटचा, पत्रा कितीचा, वाळा बरा की लाकडाचा भुसा बरा, मोटरची गुंडाळी तांब्याची की ॲल्युमिनियमची. एप्रिल गेला, मे गेला. पारा पंचेचाळीसवर, घरातली माणसं ओल्या चादरी अंगावर घेऊन झोपताहेत, आणि भाऊजी दुकानदुकानी पंख्याची पाती मोजताहेत. कूलर आला तो जुलैत, भाव पडल्यावर, भर पावसात, ताडपत्री गुंडाळून. तो आजही चालतो आहे, हेही सांगायला हवं. शेजाऱ्यांचे तेवढ्यात तीन झाले. भाऊजींची खरी अडचण हीच आहे की शेवटी ते बरोबर निघतात.

तर या माणसाच्या मुलाची बँकेतली बदली रत्नागिरीला झाली. पोरगा गुणी. त्यानं एका रविवारी फोन केला आणि म्हणाला, "बाबा, इकडं या. संध्याकाळी भगवती बंदरावर लोक गळ टाकून बसतात. तुम्हाला करमेल. एखादं रीळ घेऊन ठेवू का तुमच्यासाठी?"

"थांब," भाऊजी म्हणाले. "घाई नोको करू. मी पाह्यतो."

ताईनं हातातली परात खाली ठेवली. त्या घरात 'मी पाह्यतो' या वाक्यानंतर काय होतं, ते तिला माहीत होतं.

अडीच हजारांच्या वर एक रुपया नाही, हे पहिल्याच संध्याकाळी ठरलं. दुसऱ्या दिवशी सेलूहून दोनशे पानी रजिस्टर आलं. आडवे रकाने आखले गेले: आकार, वजन, गिअरचं प्रमाण, बेअरिंग, बॉडी, ड्रॅग, किंमत. शेवटचा रकाना 'शंका'. सगळ्यात रुंद तोच.

मी पुढच्या खेपेला गेलो तेव्हा मला ओसरीवर बसवून त्यांनी रिळाची मूळ कथा सांगितली. ब्रॅडफर्ड नावाचं इंग्लंडातलं लोकरीच्या गिरण्यांचं गाव. तिथल्या आल्फ्रेड इलिंगवर्थ नावाच्या गिरणीवाल्यानं १९०५ साली या जातीच्या रिळाचं पेटंट घेतलं. त्याच्या आधी रीळ स्वतः गरगर फिरायचं, दोरा सुटायचा, आणि हात जरा चुकला की गुंता. यानं रीळ जागेवर उभं केलं. दोरा त्याच्या काठावरून सुटत जातो. गुंडाळताना बाहेरचा आकडा फिरतो, रीळ नाही. "कुठी पाह्यलं असन त्यानं हे, साळेबुवा? गिरणीत! बॉबिनवरून सूत असंच सुटते." भाऊजींचे मामा हिंगणघाटच्या गिरणीत होते. लहानपणी त्यांच्यासोबत जाऊन बॉबिन पाहिलेल्या. त्यामुळे इलिंगवर्थ हा माणूस भाऊजींच्या लेखी अर्धा हिंगणघाटचाच. त्याच ओघात कळलं की जपानच्या साकाई शहरातली शिमानो कंपनी १९२१ साली सायकलीचं फ्रीव्हील बनवत सुरू झाली आणि रिळांकडे फार नंतर वळली. आणि अमेरिकेतली पेन कंपनी १९३२ साली फिलाडेल्फियात ऑटो हेन्झे नावाच्या जर्मनीहून आलेल्या माणसानं काढली. "म्हंजे यायच्यापैकी कोनीबी कोळी नवता," भाऊजी म्हणाले. आपल्यालाही मग अडचण नाही, असा त्याचा अर्थ मी घेतला.

आकाराचे आकडे ऐकून ताई गोंधळायची. रिळं हजार, अडीच हजार, चार हजार, सहा हजार अशा नंबरांनी ओळखली जातात. एक दिवस भाऊजी जेवताना म्हणाले, "चार हजाराचं घ्याचं ठरलं."

"अडीचच्या वर जाचं नाई म्हनत होते ना?"

"अवो, चार हजार आकार हाये. किंमत नाई."

"मंग किंमत किती?"

"ते ठरलं नाई अजून."

आकाराचं उत्तर मात्र पक्कं होतं आणि बरोबरही होतं. बंधाऱ्यावरून, खडकावरून गळ टाकायचा, मासा दोन-तीन किलोच्या घरातला, तर चार हजार पुरतं. त्याहून लहान घेतलं तर दोरा कमी मावतो, मोठं घेतलं तर संध्याकाळभर मनगट दुखतं. हे भाऊजींना एकही समुद्री मासा जिवंत न पाहता कळलं होतं.

खरं रणकंदन माजलं ते बेअरिंगवरून. स्वस्तातल्या रिळांच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत '१२+१' असं छापलेलं असतं, म्हणजे बारा बेअरिंग आणि एक उलटं न फिरू देणारं. भाऊजींनी एक रीळ कानाशी धरून फिरवलं आणि निकाल दिला. "बारा! अन् त्यातले कामाचे चार. बाकी वऱ्हाडी हायेत. जेवाले येते, कामाले नाई." शिवाय खाऱ्या पाण्यात प्रत्येक हलकं बेअरिंग म्हणजे गंजायला एक जागा जास्त. चार असावीत, पण बरी असावीत. हे मी पुढे एका जाणकाराला विचारून पाहिलं. त्यानंही तेच सांगितलं, फक्त वऱ्हाड्यांचा अपमान न करता.

पण बरं बेअरिंग ओळखायचं कसं? भाऊजींनी जुन्या रेडिओच्या स्पीकरचं चुंबक काढलं. स्टेनलेस स्टीलला चुंबक चिकटत नाही, हे फिटरला शिकवावं लागत नाही. नागपूरला सीताबर्डीतल्या एका दुकानात जाऊन त्यांनी एकेका रिळाचं हँडल काढायला लावलं आणि त्या भोकातून आतल्या बेअरिंगला चुंबक लावून पाहिलं. सगळी चिकटली. स्वस्त चिकटलं, महाग चिकटलं, कपाटात कुलूपबंद ठेवलेलं परदेशी तेही चिकटलं. भाऊजी ओरडले नाहीत. रजिस्टरात लाल शाईनं 'फसवणूक' लिहून हिंगणीला परतले. काही आठवड्यांनी त्यांच्या वाचनात आलं की बेअरिंगला लागणारं कडक स्टेनलेस, चारशे चाळीस सी वगैरे, हे चुंबकाला चिकटतंच. न चिकटणारं ते स्वयंपाकाच्या डब्याचं. म्हणजे चुंबकाच्या कसोटीवर सगळ्यात चांगलं बेअरिंगही नापास झालं असतं. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. भाऊजी एसटीनं पुन्हा नागपूरला गेले, केवळ त्या दुकानदाराला 'तुमचं बरोबर होतं' हे सांगायला. दुकानदारानं त्यांना रस्त्याच्या पलीकडूनच ओळखलं, गल्ल्यावर पोराला बसवलं आणि तो आत गेला तो आलाच नाही.

आता मीठ धातूचं करतं काय, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जाता येईना. कोणीतरी लोणार सुचवलं. "तिथलं पानी खारं हाये, पन समुद्राचं खारं नाई, अल्कली हाये," भाऊजींनी ते निकालात काढलं, "अन् त्या तळ्यात मासाच नाई राहात." मग त्यांना खारपाणपट्टा आठवला. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या मधल्या पट्ट्यात, विहिरीला आणि बोअरला खारं पाणी लागतं. दर्यापूरकडच्या एका गावात भाऊजींच्या बहिणीच्या सासरचे कोणी लांबचे पाहुणे होते. कैक वर्षांत जाणं-येणं नव्हतं. भाऊजींनी फोन करून सांगितलं, "रविवारी येऊन रायलो. जरा काम होतं. समोरासमोर बोलू."

त्या घरात लग्नाची मुलगी होती. भाऊजींचा मुलगा बँकेत, अजून अविवाहित, ही बातमी तिकडे पोचलेली होती.

भाऊजी पोचले तर अंगणात सडा, दारात रांगोळी, आणि चार काका-मामा टोप्या घालून बसलेले. पाय धुवायला पाणी आलं. बासुंदी आली. मुलगी पोहे घेऊन आली. भाऊजींनी पोहे घेतले, मुलीकडे पाहिलंही नाही. सगळे वाट पाहत होते. शेवटी यजमान घसा खाकरून म्हणाले, "मंग? काय म्हन्ता?"

"मोटर दाखवता का?" भाऊजी म्हणाले.

पुढचा दीड तास ते बोअरच्या खड्ड्याशी उकिडवे बसून होते. मोटरचे स्क्रू, नळाच्या तोट्या, कूलरचं स्टँड, फवारणी पंपाची पितळी नळी, सगळं त्यांनी भिंगातून पाहिलं. लोखंड खाल्लेलं, पितळ हिरवं पडलेलं, जस्ताच्या पत्र्यावर पांढरी भुकटी, प्लॅस्टिकचा पाइप जसाच्या तसा. टोप्या घातलेली मंडळी बांधावर ओळीनं उभी राहून पाहत होती. निघताना भाऊजींनी यजमानांचे मनापासून आभार मानले आणि "फार उपयोगी पडलं" असं म्हणाले. त्या घरानं नंतर आमच्याकडच्या एकाही लग्नाला हजेरी लावलेली नाही.

तिथून परतताना मात्र त्यांना एक गोष्ट पटली होती. दुसऱ्याच्या घरी जाऊन गंज पाहण्यात अर्थ नाही. गंज घरी करायला हवा.

ताईची लोणच्याची मोठी काचेची बरणी मे महिन्यापर्यंत रिकामी असते. भाऊजींनी ती ओसरीच्या कोनाड्यात आणून ठेवली. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम मीठ असतं. पाच लिटरची बरणी, म्हणजे एकशे पंचाहत्तर ग्रॅम. घरातल्या काट्यावर विश्वास नाही, किराणा दुकानाच्या काट्यावर तर नाहीच. ते सेलूला सराफाकडे गेले. सराफानं आधी खडे मीठ पाहिलं, मग भाऊजींकडे पाहिलं, मग मीठ तोललं, गुलाबी कागदात पुडी बांधली आणि सवयीनं वर एक दिनदर्शिका दिली. आयोडीनचं मीठ चालणार नव्हतं. समुद्रात कोणी आयोडीन मिसळत नाही, असं भाऊजींचं म्हणणं. पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते.

आणि आत काय टाकलं? पुतण्याचं रीळ. भाऊजींच्या धाकट्या भावाचा मुलगा धाम नदीवर मरळ धरायला जातो. त्याचं एक साधं रीळ होतं, कुठल्याशा न ऐकलेल्या कंपनीचं, त्याचं अगदी लाडकं. भाऊजींनी ते 'दोन दिवस पाह्याले' म्हणून मागून आणलं. पहिल्या दिवशी ड्रॅग तपासला. ड्रॅग म्हणजे मासा जोरात ओढायला लागला की दोरा तुटण्याऐवजी ताण धरून सरकू देणारी चकत्यांची सोय. ती दोऱ्याच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर लावायची असते. खोक्यावर 'पंधरा किलो' लिहिलेलं असतं, पण दोराच दहा किलोचा असेल तर त्या पंधराला काय अर्थ? स्प्रिंगकाट्यावर ताण लावून झाला. मग जिवंत ओढ हवी म्हणून शेजारच्या बकरीच्या पाठीच्या, म्हणजे मादी पिल्लाच्या, गळ्यातल्या दोरीला तंगूस बांधला आणि तिला समोरून पाल्याची डहाळी दाखवली. पाठ पळाली. रीळ कर्रर्र वाजलं, भाऊजी अंगणाच्या टोकाला पाय रोवून उभे, गल्ली दारात आली. "पाहा, पाहा, झटका नाई देऊन रायलं!" पाठ डहाळी खाऊन परत येताना तंगूस तुळशीवृंदावनाला तीन वेढे पडला, तो भाग रजिस्टरात नाही.

दुसऱ्या दिवशी रीळ खोललं गेलं. आणि एकेक भाग दोऱ्यानं बांधून, चिठ्ठी लावून, बरणीत सोडला गेला: स्क्रू, बेअरिंग, पितळेचं लहान गिअर, जस्ताच्या मिश्रधातूचं मोठं गिअर, बेलची तार, दोरा जिच्यावरून वळतो ती छोटी चकरी, आणि काळी फायबरची बॉडी. रोज सकाळी चहाच्या आधी भाऊजी बरणीपुढे भिंग घेऊन बसायचे. मे महिन्यात वर्ध्याकडे जे ऊन पडतं त्यात पाणी रोज बोटभर उडायचं आणि मीठ मागे राहायचं. समुद्र घट्ट होऊ नये म्हणून काचेवर मार्करनं रेघ होती. त्या रेघेपर्यंत बॅटरीचं पाणी ओतलं जायचं. बरणीच्या तोंडाशी मिठाचे पांढरे कंगोरे आले, ते ओल्या फडक्यानं पुसून परत आत पिळले जायचे. "मीठ समुद्रातून कुठी जात नाई," भाऊजी म्हणायचे.

गावात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. जंगलात वाघ न दिसलेल्या पर्यटकांना जिप्सीवाले परतताना भाऊजींच्या ओसरीवर थांबवू लागले. माणसं नागपूरहून आलेली, काहीतरी पाहिल्याचं समाधान नको का? भाऊजी त्यांना समजावून सांगायचे. "दोन वेगवेगळे धातू, मधी खारं पानी. झाली बॅटरी! त्यात जो धातू गरीब, तो आधी मरते. जस्त मरते, ॲल्युमिनियम मरते, पितळ उभं राहून पाह्यते." आठवडाभरात मोठ्या गिअरवर पांढरी भुकटी आली. स्क्रू तांबडे झाले. सगळ्यात आधी गेली ती दोरा वळवणारी चकरी. तिच्यातलं बेअरिंग जागच्या जागी आवळलं. काळी फायबरची बॉडी मात्र बरणीत टाकली तशीच होती. भाऊजींना हवं ते उत्तर मिळालं. अडीच हजारांत धातूच्या बॉडीचा हव्यास धरू नये. ती भारी रिळांत शोभते, जिथं पाणी आत जाऊ नये म्हणून सील असतात. स्वस्तात फायबर घ्यावं, जरा लवचीक असलं तरी. आणि रीळ हातात घेतल्यावर पहिलं बोट लावावं ते त्या चकरीला.

मग जूनमध्ये कैऱ्या आल्या. ताई बरणी घ्यायला ओसरीवर आली आणि नेमका त्याच वेळी पुतण्या फाटक उघडून आत आला.

"मोठेबाबा, माहं रीळ कुठी हाये?"

भाऊजींनी बरणीकडे बोट केलं. पोरगा बराच वेळ बरणीकडे पाहत राहिला. चिठ्ठ्या वाचल्या. मग त्यानं ताईकडे पाहिलं, आणि त्याच्या त्या नजरेनं ताईच्या मनातलं गेल्या कित्येक महिन्यांचं सगळं बाहेर आलं. दर्यापूरची बासुंदी, सराफाची पुडी, पोराच्या लग्नाचं वाटोळं झालेलं एक चांगलं स्थळ, बकरीवाल्यांशी झालेली बोलाचाली. शेवटी ती म्हणाली, "मले पाह्याले आले तवा पोहे संपाच्या आधी हो म्हनून गेले. येवढी चौकशी तवा कराची होती ना!"

"तेवा काही शंका नवती," भाऊजी म्हणाले.

ताई एकदम गप्प झाली. बरणी तिनं तशीच उचलली, समुद्र मोरीत ओतला, आणि आतून निकाल आला: "पोराले नवं घेऊन द्या. चांगलं. तुमी पारखून ठेवलंच हाये आता."

"देतो," भाऊजी म्हणाले. "पन समुद्र पाह्यल्याबिगर नाई."

पावसाळ्यात कोकणात जाण्यात अर्थ नव्हता. जून-जुलैत यांत्रिक बोटींना बंदी असते, आणि उधाणात खडकावर गळ टाकायला उभं राहणं म्हणजे माशांना आमंत्रण. दिवाळीनंतर आम्ही गेलो, वर्ध्याहून मुंबई आणि मुंबईहून कोकण रेल्वेनं. पिशवीत गोरसपाकाची पाकिटं, खिशात व्हर्नियर, आणि रजिस्टर.

भगवती बंदरावर संध्याकाळी दहा-पंधरा माणसं होती. काहींच्या हातात काठी-रीळ, काहींच्या हातात पाण्याच्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस. भाऊजींनी समुद्राकडे एकदा पाहिलं, 'ठीक आहे' अशी मान हलवली आणि ते रिळांकडे वळले. एकेकाच्या पाठीमागे जाऊन वाकून पाहू लागले. तिसऱ्या माणसाच्या रिळाच्या चकरीला त्यांनी बोट लावलं. "आवळली हाये. दोरा घासून रायला तुमचा. महिनाभरात तुटन."

माणूस चमकला. त्याचा दोरा गेल्याच आठवड्यात तुटला होता.

त्यानंतर कठड्यावर रुमाल पसरला गेला आणि संध्याकाळचं फिटरचं दुकान सुरू झालं. घरी गेल्यावर रीळ गोड्या पाण्यानं धुवायचं, पण नळाच्या धारेखाली नाही, हलक्या शिंपडीनं. धार मारली की मीठ बाहेर येण्याऐवजी आत जातं. धुण्याआधी ड्रॅग घट्ट करायचा म्हणजे चकत्यांत पाणी शिरत नाही, वाळल्यावर सैल करून ठेवायचा म्हणजे चकत्या दबून राहत नाहीत. सावलीत वाळवायचं. चकरीला एक थेंब तेल; गिअरला तेल नाही, ग्रीस. माणसं ऐकत होती. ऐकण्यासारखंच होतं. कोणी रीळ पुढे केलं, कोणी घरून आणायला पोराला पाठवलं. मुलगा बाजूला बापासाठी मागून आणलेली काठी घेऊन उभा होता. ती अंधार पडेपर्यंत त्याच्याच हातात राहिली. पाण्यात भाऊजींनी गळच काय, बोटही बुडवलं नाही.

"काका, तुम्ही मुंबईला कुठल्या बंदरावर असता?" एकानं आदरानं विचारलं.

"हिंगणीले."

"हे कुठं आलं?"

"बोर धरणापाशी."

त्यानं मान डोलावली. धरण आणि बंदर यांतलं अंतर त्याला विचारावंसं वाटलं नाही. मजुरी म्हणून भाऊजींना एक वीतभर तांबोशी मिळाली. ती त्यांनी व्हर्नियरनं मोजायचा प्रयत्न केला, पण व्हर्नियर तेवढा उघडत नाही.

परत आल्यावर आठवडाभरात रीळ आलं. चार हजार आकार, फायबरची बॉडी, चार बेअरिंग, हँडल स्क्रूनं आवळायचं, किंमत दोन हजार चारशे. ताईनं त्याच रजिस्टराच्या मागच्या पानावर दर्यापूर, नागपूर, सराफ आणि बॅटरीचं पाणी असा हिशेब मांडला. तो रिळाच्या किमतीच्या पुढे गेला होता, आणि त्यात रत्नागिरी धरलेली नव्हती. भाऊजींनी नवं रीळ खोललं, कारखान्यानं दिलेलं ग्रीस पुसून आपलं भरलं, पुन्हा जोडलं आणि पुतण्याच्या हातात दिलं. पोरगा खूश. बंदरावरच्या तिघांनी फोन करून तेच रीळ मागवलं. मुलानंही घेतलं. भाऊजींनी स्वतःसाठी घेतलं नाही; काठीचा निर्णय झाल्याशिवाय नुसतं रीळ घेऊन करायचं काय, असा त्यांचा सवाल आहे.

पुतण्या त्या रिळावर धामेत मरळ धरतो. दर रविवारी त्यानं ते तपासायला आणून दाखवायचं, असा करार आहे. परवा मी गेलो तेव्हा तपासणी चालू होती. भिंग, चुंबक, बोट. चकरी गुळगुळीत फिरत होती. एक ठिपका नाही. भाऊजींचा चेहरा मात्र पडलेला.

"काय झालं, भाऊजी?"

"गंजूनच नाई रायलं."

"मग चांगलंच आहे ना?"

"चांगलं काय? गोड पान्यात येवढ्यात कोनतं गंजते? आपली पारख बरोबर होती का चुकली, हे समजन कसं मंग?" त्यांनी रीळ खाली ठेवलं आणि सैपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"बरणी रिकामी नाई!" आतून ताई ओरडली. "लोनचं हाये त्यात!"

भाऊजींनी रजिस्टर ओढून घेतलं, 'शंका'चा रकाना काढला आणि पेनाचं टोपण उघडत हळूच मला विचारलं, "लोनच्यात मीठ किती टक्के असते, साळेबुवा?"